किस्म : खिलौना

इस्फंदार महिन्याची चौथी तारीख, म्हणजे आपला पौष. वार सोमवार, वेळ दुपारची बारा. लढाई चालू होती आणि पेट्रोल सरकारी चिठ्ठीवर मिळायचं. तहसील कचेरीच्या ओसरीत हजर असलेली माणसं अशी : टेबलामागं पेशकारसाहेब. समोरच्या बाकावर गुरप्पा अण्णा, आडतीचे दुकानदार आणि मोटारीचे मालक. त्यांच्या शेजारी उभे रहीमचाचा, मोटार चालवणारे. दाराशी कचेरीचा चपराशी. आपापल्या कामासाठी आलेले दोन शेतकरी; त्यांची नावं विचारून ठेवली नाहीत, ती माझी चूक. आणि मी, धर्मादाय दवाखान्याची नर्सबाई. मोटार बाहेर लिंबाखाली उभी होती. तिला कुणी आत बोलावलं नाही.

ही यादी मी त्याच आठवड्यात लिहून ठेवली. मला याद्यांची सवय आहे. पिशवीत काय आहे, कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, कोणत्या गावची विहीर आटली आहे, सगळं वहीत असतं. लोक हसतात. हसू देत. कात्री उकळायची राहून गेली तर हसणाऱ्यांपैकी कुणी धावत येत नाही.

परवा ती वही पुन्हा काढावी लागली. ज्वारीची सुगी सुरू झाली आहे. गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना काढणी चालू, उपटलेल्या धाटांच्या ओळी पसरलेल्या, मुळांना चिकटलेल्या काळ्या मातीचा कोरडा वास. या दिवसांत माझं काम दुप्पट होतं, कारण सुगी पोटुशी बाई बघत नाही. नवव्या महिन्यातली सुद्धा वाकून धाटं उपटत असते आणि पहिली कळ तिला सरीतच येते. म्हणून मी पेट्रोलच्या चिठ्ठ्यांसाठी कचेरीत गेले. आता तिथं निजामाचा माणूस नाही. नवा कारकून आहे, पोरसवदा, नम्र. जुनी उर्दू दप्तरं मराठीत उतरवून घेण्याचं काम त्याच्याकडं आहे. अक्षर सुरेख. त्यानं मोटारींची नवी फेहरिस्त, म्हणजे नोंदीची यादी, माझ्यापुढं फिरवून धरली आणि आमच्या मोटारीच्या ओळीवर बोट ठेवलं. मालक, बरोबर. बैठका दोन, बरोबर. प्रकार : खेळणे.

खेळणे! राज्य गेलं, झेंडा गेला, पेशकार गेला. चूक तेवढी राहिली. नुसती राहिली नाही, सहा वर्षांत मराठी शिकली.

"बाई, जसं होतं तसं उतरवायचा हुकूम आहे," कारकून म्हणाला.

"तुम्ही ती मोटार रोज रस्त्यावर बघता ना?"

"बघतो की. माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला तुम्ही तिच्यातूनच आला होता."

"आणि लिहिलं खेळणं?"

त्यानं फेहरिस्त आपल्याकडं फिरवून घेतली. त्याच्यावर ओरडून उपयोग नव्हता, तरी ओरडले. घरी आले, वही काढली, इस्फंदारचं पान उघडलं, आणि यादीतलं शेवटचं नाव वाचून राग जिथं जायला हवा होता तिथं गेला. पण ते क्रमानं सांगते.

मोटारींनाही पिढ्या असतात हे मला गुरप्पा अण्णांनी सांगितलं. सोलापूरच्या गिरणीतला एक गोरा इंजिनिअर मायदेशी निघाला तेव्हा अण्णांनी त्याची उघडी दोन बैठकांची मोटार घेतली. शर्यतीची जात. पुढं लांब नाक, त्यावर कातडी पट्टा आवळलेला, तारांची उंच चाकं, मागं होडीसारखं निमुळतं शेपूट, आणि नाकाच्या दोन बाजूंना डोळ्यांसारखे फुगीर दिवे. गावानं पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं : नाकतोडा. काही वर्षांनी अण्णांनी त्याच जातीची नवी पिढी आणली. ठेंगणी, रुंद, दिवे अंगात बसवलेले, चकचकीत. मग जुनीचं काय करायचं? दिली दवाखान्याला वापरायला.

मी दवाखान्याच्या पंचमंडळींकडं दोन वर्षं मागत होते ती बैलांची चांगली जोडी आणि छपराची दमणी. बाळंतीण झोपवून आणता येईल अशी. मिळालं काय, तर श्रीमंताच्या अंगावरून उतरलेलं. लहान भावाला थोरल्याचा सदरा मिळतो तशी मला मोटार मिळाली. तिच्यात रोगी झोपू शकत नाही. डोक्यावर छप्पर नाही. बसायचं तर लुगडं सावरून आधी एक पाय, मग दुसरा, जसं हौदात उतरावं. पिशवी ठेवायला शेपटीत एक झाकण, पण तिथं ठेवलेल्या कापसाला पेट्रोलचा वास लागायचा. पहिल्या आठवड्यात मी तिच्या दोषांची यादी केली. एकवीस झाले. बाविसावा आवाज : उतारावर पाय काढला की तेरखेड्याच्या फटाक्यांची माळ पेटावी तशी कडकड करायची आणि बांधावरची गुरं उधळायची.

रहीमचाचा तेवढे तिच्या बाजूचे. साठी उलटलेली, अंगात खाकी कोट, खिशात कायम सुती चिंधी. मी दार आपटलं की ते दाराची माफी मागितल्यासारखं चिंधीनं पुसायचे.

"बाई, इसकू गाली नक्को देव. बुढ्ढी है, लेकिन कान हैं इसकू."

"मग तिला सांगा, माझं कंबरडं मोडतंय म्हणावं."

"बोल्या मैं. वो बोलती, बाई सीधा बैठो."

मी हसले नाही. तेव्हा मला हसायचंच नव्हतं.

अशा मनःस्थितीत मी त्या सोमवारी कचेरीत गेले. पेट्रोलसाठी प्रत्येक मोटारीची नोंद व्हायची होती. पेशकार विचारत होते, अण्णा सांगत होते. मालक कोण, बैठका किती, रंग कोणता. मग पुढचा रकाना आला, प्रकाराचा.

"किस्म?"

अण्णांनी चाचांकडं पाहिलं. चाचांनी गोऱ्या साहेबाच्या तोंडून ऐकलेला शब्द होता तसा ठेवला. "इस्पोर्ट, हुजूर."

"इस्पोर्ट बोले तो?"

"खेल, हुजूर. खेल की मोटर."

पेशकारांनी लेखणी उचलून धरली. त्यांना ते पटेना. खेळाची मोटार दवाखान्याला कशाला? आणि तेव्हा बाकाच्या टोकावरून एक बाई म्हणाली, "खेळ कसला? खेळणं आहे ते. लिहा खेळणं!"

ओसरी हसली. दोन शेतकरी हसले, चपराशी हसला, अण्णा सुद्धा ओशाळून हसले. पेशकारांनी मान डोलावली, शाईत लेखणी बुडवली आणि उजवीकडून डावीकडं सुबक वळणात लिहिलं. खिलौना. मोठ्यांदा वाचूनही दाखवलं. हसले नाहीत ते चाचा.

ती बाई मी.

मी दुरुस्ती का केली नाही? तिथल्या तिथं करता आली असती. एका शब्दाचं काम. हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे आणि उत्तर काही फार मोठं नाही. आमच्या जिल्ह्याला दोन नावं. कागदावर उस्मानाबाद, तोंडात धाराशिव. महिन्याला दोन नावं. माणसाचं नाव उर्दूत लिहिताना कारकुनाच्या हातून काय होईल त्याचा नेम नाही. आमच्या दवाखान्यातली विठाबाई दप्तरात वेगळीच कुणीतरी आहे. कागद म्हणजे त्यांचा, आणि खरं ते आपल्या तोंडातलं, हे आम्ही दुधाबरोबर प्यालेलो. त्या रकान्यात काय लिहिलं आहे याची फिकीर करायची असते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी, जी दोऱ्याच्या रिळांची सुद्धा नोंद ठेवते!

मग सुगी आली. फरवर्दीचा महिना. आणि त्याच सुगीत, माझ्या बावीस दोषांच्या यादीला न विचारता, ती मोटार मला आवडायला लागली.

सुरुवात अण्णांच्या फजितीनं झाली. तेरणा नदीच्या अलीकडच्या रस्त्यावर, दोन शेतांमधल्या गाडीवाटेत, त्यांची नवी मोटार बसली होती. बैलगाड्यांच्या चाकांनी पावसाळ्यात जे दोन खोल चर पाडलेले असतात, ती चाकोरी उन्हानं विटेसारखी टणक झालेली. मधला उंचवटा ठेंगण्या मोटारीच्या पोटाला टेकला आणि ती त्याच्यावर कासवासारखी अडकली. अण्णा पांढऱ्या धोतरात, धुळीनं माखलेले, ज्वारीत उभे.

"अक्का, हसू नका."

"मी कुठं हसतेय, अण्णा? चाकं मोजतेय. जमिनीला टेकलेली दोनच दिसतायत."

"शिव शिव! एवढी नवी मोटार..."

चाचांनी नाकतोड्याच्या एका बाजूची उंच चाकं वाटेच्या कडेवर चढवली, दुसऱ्या बाजूची पिकात सोडली, आणि लंगडणाऱ्या माणसासारखी तिरकी तिरकी आम्ही अण्णांच्या बाजूनं पिकातून पुढं निघून गेलो. पुढं वाट अरुंद झाली तशी दोन्ही चाकं चाकोरीत उतरली आणि बसली, मापानं केल्यासारखी. जुन्या पिढीची चाकं उंच आणि बारीक. बैलगाडीच्या चाकांची मावसबहीण म्हणावी अशी. नव्या पिढीनं ती टाकून दिली होती, कारण ज्यांनी ती बनवली त्यांच्या देशात चाकोरी नसावी.

मी चाचांकडं पाहिलं. ते समोर बघत होते, पण मिशीत काहीतरी चाललं होतं.

"चाचा, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हौ."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्हारी फेहरिस्त में ऐब का खाना था, बाई. हुनर का खाना किधर था?"

घरी येऊन मी वहीत दुसरा रकाना आखला.

त्या रकान्यात काय काय आलं? दमणीला जिथं अर्धा दिवस लागायचा तिथं आम्ही पाऊण तासात पोचायचो. इंजिन तापलं की नाकाच्या टोकाला तोटीतून वाफ यायची आणि चाचा विहिरीवर थांबायचे. त्या थांब्यात विहिरीवरच्या बायका माझ्याशी बोलायच्या, जे त्या घरी सासूसमोर बोलल्या नसत्या. एकदा चाचांनी मला प्रेमानं सुचवलं की नाकातलं पाणी ऊनऊन आहे, हात धुवायला घ्या. त्या गंजलेल्या लाल पाण्याकडं बघून मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. हँडल मारायलाही मी त्याच सुगीत शिकले. अंगठा मुठीत घ्यायचा नाही, बोटांच्या बाजूला ठेवायचा, नाहीतर उलटा झटका मनगट मोडतो. पहिल्यांदा इंजिन माझ्या हातानं धडधडलं तेव्हा तो धक्का खांद्यापर्यंत आला, आणि मला पोटावर हात ठेवल्यावर आतून येणाऱ्या लाथेची आठवण झाली.

आणि उंची. दमणीतून जाताना ज्वारी खाली दिसते, कणसांचा पांढुरका गालिचा. नाकतोड्यात बसलं की आपण ज्वारीच्या खाली. दोन्ही बाजूंना धाटांच्या भिंती, वर निळी पट्टी, कणसं डोक्यावरून जातात आणि त्यांच्या आड राखणीच्या माळ्यावरची पोरगी गोफण फिरवताना क्षणभर दिसते. तापलेल्या कातडी गादीचा वास, तेलाचा वास, हिरव्या कडब्याचा गोडसर वास. वाकून काम करणाऱ्या बाईचा चेहरा त्या उंचीवरून सरळ समोर येतो. दमणीतून मला कायम पाठी दिसत होत्या.

सुगीच्या शेवटी खळ्यावर बलुतेदारांचे वाटे काढतात. सुताराचा, लोहाराचा, न्हाव्याचा. पारू म्हणून एक पोटुशी पोरगी मी बघत होते; तिच्या सासरच्या खळ्यावर त्या वर्षी एक पेंढी जास्त निघाली. पारूची सासू कोंडाबाई ती घेऊन सरळ मोटारीपाशी आली आणि तिनं ती नाकाच्या कातडी पट्ट्यात खोचली.

"ही कुणाची व?" मी विचारलं.

"नाकतोड्याची. कामाचा हाय त्यो. कामाच्याला वाटा द्याया नगं?"

चाचांनी टोपी काढली.

गावानं तिला बलुतेदार करून घेतलं होतं. कागदावर ती खेळणं होती.

पारूचं सांगायला हवं. तेरणेच्या पलीकडचं गाव. पारू अठरा-एकोणीसची, पहिलटकरीण. सातव्या महिन्यापासून मी तिला बघत होते. मूल पायाळू होतं, पाय खाली, डोकं वर. असं मूल बाहेर काढायला शिकलेला हात लागतो, आणि तो वेळेवर लागतो. आठव्या महिन्यातही ते फिरलं नाही तेव्हा मी कोंडाबाईला सांगितलं, पहिली कळ आली की माणूस पाठवा. मोटार अर्ध्या-पाऊण तासात दारात असेल. माझा शब्द.

तोपर्यंत आम्ही अण्णांच्या दुकानात साठवलेल्या पिंपावर चालत होतो. खळी उठली तसं पिंप संपलं. मी नव्या चिठ्ठ्यांसाठी कचेरीत गेले. पेशकारांनी फेहरिस्त काढली, ओळ शोधली, आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"बाई साहिबा, खिलौने को पेट्रोल? बच्चों को बुलाइए, धकेलेंगे."

मी म्हणाले, तो विनोद होता. ते म्हणाले, सरकारी दप्तरात विनोद लिहीत नाहीत. मी म्हणाले, मोटार बाहेर उभी आहे, उठून बघा. ते म्हणाले, जे लिहिलं आहे ते बघतो आहे, मोटार बघण्याचं काम माझं नाही. आणि मग अगदी शांतपणे, "आप ही ने लिखवाया था."

दुसऱ्यांदा गेले तेव्हा साहेब दौऱ्यावर. तिसऱ्यांदा अर्ज दिला, तो वर जिल्ह्याला जायचा होता. मला आजही त्या माणसाचा संताप येतो. त्याला ठाऊक होतं. लिहिताना ठाऊक होतं, नाकारताना ठाऊक होतं. त्याच्या खिडकीतून नाकतोड्याचे दोन्ही दिवे दिसत होते. आंधळ्याला मी माफ करीन, पण डोळे असून कागदाला विचारणाऱ्या माणसाला नाही.

कोंडाबाईचा माणूस दवाखान्यात आला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. मोटार कोरडी. अण्णा त्यांची मोटार घेऊन सोलापूरला गेलेले. चाचा म्हणाले, टाकीत थोडं असेल तळाशी, आणि त्यांनी हँडल मारलं. गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत गेलो. तिथं ती दोनदा खोकली आणि थांबली. मी पिशवी घेऊन उतरले. रस्त्यानं जाणारी कडब्याची गाडी थांबवली, कडबा उतरवला, त्यात बसले. बैल कडबा वाहणारे होते. तेही सकाळपासून राबलेले. चालतात तेवढेच चालले. मागं वळून पाहिलं तेव्हा चाचा एकटेच मोटार ढकलत होते, ती अजूनही थोडी पुढं येईल म्हणून.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन भिंतीवरून उतरत होतं. पारू वाचली. मुलगा होता. त्याचं डोकं अडकून राहिलं होतं, फार वेळ. मी हात धुतले, जे राहिलं होतं ते केलं. कोंडाबाई उंबऱ्यात बसून होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"लई येळ लागला बाई तुमाला," एवढंच ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "चहा घ्या. दमलासा."

त्या चहाचा राग मला अजून आहे. कुणावर म्हणून विचारू नका.

अण्णा परतले, त्यांनी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून नव्या पिढीची चकचकीत मोटार दुकानामागं पोत्यांखाली गेली. त्यांच्या चिठ्ठ्या नाकतोड्याला मिळायला लागल्या. मी त्यांना कचेरीतल्या त्या सोमवारबद्दल बोलायला गेले. त्यांनी हात हलवला. "इरली बिडरी, अक्का." असू द्या, सोडा. चाचा तर त्या विषयावर कधी बोललेच नाहीत. अण्णांनी सोडलं, चाचांनी सोडलं, पेशकारांची बदली झाली. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की एका पेशकारानं मोटारीला खेळणं लिहिलं म्हणून पारूचं मूल गेलं. लोक हळहळतात, पेशकाराला शिव्या घालतात. त्या मी ऐकून घेते. त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत.

गेल्या साली निजामाचं राज्य जाताना सगळीकडं जी धामधूम झाली तिच्यात चाचा लेकीकडं सोलापूरला गेले होते. मोटार मी बंद शेडमध्ये ठेवली, दर सोमवारी हँडल मारून थोडा वेळ चालू ठेवली. दिवाळीनंतर चाचा परत आले. नजर अधू झाली आहे. आल्यावर मोटारीच्या नाकावर पंजा ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "कौन चलाया?"

"मी."

"तीसरा सिलिंडर नाराज है." आणि चिंधी काढली.

यंदा नवा हुकूम निघाला आहे. एकाची चिठ्ठी दुसऱ्या मोटारीला चालणार नाही. अण्णांच्या चिठ्ठ्या बंद. टाकीत आहे ते दोन फेऱ्यांचं. आणि पारूला पुन्हा दिवस गेले आहेत. मधली मुलगी चार वर्षांची, सुखरूप झालेली, नाकतोड्याचा भोंगा वाजवायला धावत येते. पण या खेपेचं मूल पुन्हा पायाळू आहे. मागच्या आठवड्यात पोटावर हात ठेवला तेव्हा डोकं माझ्या उजव्या तळव्याखाली होतं, बरगडीशी. सुगी संपता संपता तिची वेळ येईल.

म्हणून दुरुस्तीचा अर्ज. नव्या कारकुनानं नमुना दिला. माणूस मदतीचा आहे. मोटारीची खरी जात, बैठका, उपयोग, सगळं मी स्वच्छ अक्षरात भरलं. खाली दोन गावकऱ्यांच्या सह्या किंवा अंगठे हवेत, मोटार बाळंतिणींच्या कामाची आहे म्हणून. आणि मध्ये एक रकाना : मूळ नोंद कोणाच्या सांगण्यावरून झाली?

"लिहा की त्या पेशकाराच्या," कारकून म्हणाला. "त्यो आता कुठं येतोय विचारायला!"

मी अर्ज घडी करून पिशवीत टाकला. घरी येऊन रकान्यात माझं नाव लिहिलं. लिहायला काही वाटलं नाही. शाई वाळली.

अंगठ्यांचा प्रश्न असा आहे. कोंडाबाईनं आधीच निरोप धाडलाय, पहिला अंगठा आमच्या पारूचा. आणि माझा एक नियम आहे, दवाखान्यात आल्या दिवसापासूनचा : कागद वाचून दाखवल्याशिवाय कुणाचा अंगठा घ्यायचा नाही. सावकार घेतात तसा नाही, पेशकार घेतात तसा नाही. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं, मधला एकही रकाना गाळायचा नाही, आणि मग विचारायचं, कळलं का? या नियमाचा मला अभिमान होता. दुसऱ्या कुणाचा अंगठा घेता येईल. गावात अंगठ्यांना तोटा नाही. पण तसं केलं तर मी त्या पेशकाराच्या टेबलामागं जाऊन बसले असं होईल.

बुधवारी मी पारूच्या घरी गेले. चाचांनी चाकोरी धरली होती, ज्वारी निम्मी काढून झालेली, त्यामुळं भिंतींना भगदाडं पडल्यासारखी लांबची गावं दिसत होती. पारूला तपासलं. तिनं मला उपटणीनं सोललेले हात दाखवले. मी तिला ओरडले, वाकायचं नाही म्हणून. ती हसली.

"बाई, ह्या टायमाला नाकतोडा येळंवर येईल न्हवं?"

"येईल," मी म्हणाले.

पिशवीतला अर्ज पिशवीतच राहिला. परत येताना चाचांनी विचारलं, "अंगूठा हुआ?" मी म्हणाले, शाईची डबी विसरले. मी काही विसरत नाही, हे चाचांना माहीत आहे. त्यांनी गियर बदलला.

इथं हे सगळं लिहिणं सोपं गेलं. ज्यांना वाचता येतं ते वाचतील, आणि त्यांच्यातल्या कुणाचंही मूल मी घालवलेलं नाही. पारूला वाचता येत नाही.

आजची यादी. कात्र्या उकळून झाल्या. सूत, कापूस, बोरिक भरलं. रबरी चादर धुऊन वाळवली. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग चाचांनी साफ केला. शाईची डबी पिशवीत वर ठेवली आहे. अर्ज पारूला वाचून दाखवणे, राहिलं.